खिडकी तीनमधली सपाट रेषा

ताईची नोकरी गेली ती मी लिहिलेल्या एका ओळीमुळे. हे मला तिची नोकरी गेली त्याच आठवड्यात कळलं. ताईला कळलं त्यानंतर चौदा आठवड्यांनी. त्या चौदा आठवड्यांबद्दल सांगायचं आहे.

शहरात राहून माणसाच्या शरीराचं काय होतं, याचा अभ्यास आमच्या संस्थेत चालला होता. त्यासाठी एकशे वीस माणसं निवडली होती. बस चालवणारे, रस्ते झाडणारे, दुकानात दिवसभर उभे राहणारे, शाळेत शिकवणारे. प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर एक पट्टा आणि खिशाला अडकवलेली एक डबी. डबी भोवतालची उष्णता, आवाज आणि हवेतली धूळ मोजायची. पट्टा नाडी मोजायचा, आणि घाम. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूचे दोन ठिपके असतात. कातडी ओलावली की त्या दोघांमधून वीज जास्त सहज जाते. माणूस दमला, घाबरला, वैतागला की त्याच्या आधी त्याच्या कातडीला कळतं. हे सहा आठवडे मोजायचं आणि नकाशावर मांडायचं, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या खोलीत शरीर किती झिजतं ते.

प्रकल्पाच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे दशांश म्हणायचो. कुठलाही कागद समोर ठेवला की ते आधी दशांशचिन्हापुढे किती आकडे आहेत ते बघायचे. दोनच हवेत. तीन असले तर कागद परत, एक असला तरी परत. त्यापलीकडचं ते काही वाचतात असं सहा वर्षांत मला दिसलं नव्हतं.

ताई सहभागी क्रमांक एक्केचाळीस होती. जमिनीखालच्या बसस्थानकात तिकिटांची खिडकी तीन, सकाळपाळी, अकरा वर्षं. आमचा एक माणूस गळला म्हणून मीच तिला विचारलं होतं.

"दुखत नाही ना?" ती म्हणाली.

"नाही."

"मग बांध. घड्याळ तरी मिळालं."

"वेळ दाखवत नाही ते."

"म्हणजे तुझ्यासारखंच आहे. मनगट धरून बसायचं, बोलायचं काही नाही." ताई मला लहानपणापासून मुंगी म्हणते. "बांध गं मुंगे. तुझ्या शास्त्राला माझा घाम लागत असेल तर भरपूर आहे."

लोक पट्टा काढून ठेवतात. आंघोळीला काढतात, खाजतं म्हणून काढतात, आणि मग विसरतात. तेवढ्या वेळाचे आकडे गाळावे लागतात, नाहीतर टेबलाला घाम येतो का हे मोजल्यासारखं होतं. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. त्याला आम्ही चाळणी म्हणायचो. ती चाळणी मी लिहिली होती. तिच्यातली एक ओळ अशी: पाच मिनिटं घामाचा आकडा हललाच नाही, तर पट्टा मनगटावर नाही असं समजावं. जिवंत कातडी स्थिर राहत नाही, म्हणून ओळ बरोबर वाटली. आम्ही ती तपासलीही. पट्टे दुरुस्त करणारा आमचा तंत्रज्ञ (त्याला सगळे पट्टेवालाच म्हणत, आणि तो दर वेळी चिडत असे) दिवसभर पट्टा घालत आणि काढत बसला. चाळणीने एकदाही चूक केली नाही. आमच्या प्रयोगशाळेत बाराही महिने गार हवा असते. तिथे कुणाला घाम येत नाही.

घाम एका मर्यादेपलीकडे गेला की पट्ट्याला पुढे मोजता येत नाही. तो सगळ्यात वरचा आकडा लिहितो आणि तोच लिहीत राहतो. रिकाम्या भांड्यातली पातळी हलत नाही, तशी भरून वाहणाऱ्या भांड्यातलीही हलत नाही. आकडा तळाशी थांबलाय की माथ्यावर, एवढं विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं.

मोजणी तापत्या महिन्यांत झाली. अहवाल निघेपर्यंत हवा गार झाली होती. अहवालाच्या पुरवणीत दशांशनी स्वतः लिहिलेलं एक वाक्य होतं. "सहभागी ४१ (खिडकी ३, सकाळपाळी) यांनी कामाच्या वेळेत दिवसाला सरासरी २.७८ तास पट्टा काढून ठेवला. त्या काळात त्या जागेवर नसाव्यात असे दिसते."

नाव नव्हतं. पण खिडकी तीनला सकाळी कोण बसतं हे स्थानकातल्या उंदरांनाही माहीत होतं. आणि 'जागेवर नसाव्यात' हे कुठून आलं? जमिनीखाली पट्ट्याला जागेचा माग लागत नाही. दशांशना हे माहीत होतं. वाक्य अर्धवट वाटलं असेल, म्हणून पुरं केलं.

स्थानकाच्या व्यवस्थापकाकडे रांगा लांबल्याच्या तक्रारी होत्याच. त्याला कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं. नऊ दिवसांत ताईच्या हातात पत्र आलं. कारण, 'कामाची जागा वारंवार सोडणे'. हा शेरा असला की दुसरी कुठली खिडकीही उभं करत नाही.

ताई ते पत्र घेऊन भर दुपारी माझ्या खोलीवर आली.

"मुंगे, मी रोज पावणेतीन तास कुठे जाते गं?"

मी पत्र वाचलं.

"नाही, मला पण सांग ना. चांगली जागा असेल तर मी पण जाईन म्हणते." ती हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. "अकरा वर्षांत बाथरूमला उठले तर शेजारच्या खिडकीला सांगून उठलेय मी. तिला विचारा म्हटलं. तर म्हणतात यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो म्हणे."

मी म्हणाले, "बघते मी."

दुसऱ्या दिवशी मी एक्केचाळीसचे न गाळलेले आकडे काढले. घामाची रेषा सपाट होती, अगदी माथ्यावर. आणि त्याच तासांतली नाडी, जी चाळणीने घामाबरोबर फेकून दिली होती, ती चालू होती. एकशे चार, एकशे सात, एकशे दोन. बसल्या जागी. पट्टा मनगटावर होता, मनगट ताईचं होतं, ताई खुर्चीत होती, आणि त्या काचेच्या खोक्यात तिचं शरीर रोज पावणेतीन तास डोंगर चढत होतं. खरं तर अख्ख्या अभ्यासात याहून महत्त्वाचा निष्कर्ष नव्हता. आम्ही तो कचऱ्यात टाकला होता आणि वर तिलाच कामचुकार ठरवलं होतं.

आलेख घेऊन मी दशांशकडे गेले.

"सर, चाळणीत चूक आहे. एक्केचाळीस जागेवर होत्या."

त्यांनी आलेख जवळ धरला, मग लांब धरला. "अहवाल गेलाय आता. पुढच्या टप्प्याची मंजुरी यायचीय. चाळणी चुकली म्हटलं तर एकशे वीसच्या एकशे वीस माणसांवर शंका येईल."

"फक्त सात जणांवर. मी मोजलेत."

"तुमची कोण लागते ती?"

"मोठी बहीण."

"असं होय." ते खुर्चीत मागे रेलले. आवाज अगदी मऊ. "ओळ तुम्हीच लिहिलीत ना पण? मग दुरुस्तीपत्रात तसं यावं लागेल. चूक अमुक यांची. बहिणीला सांगितलंत का?"

मी त्यांच्या हातातल्या आलेखाकडे बघितलं.

"नका सांगू. घरात कशाला कटकट? तिकिटं फाडायची नोकरी काय, कुठेही मिळते." मग त्यांनी लाल पेन उचललं, आलेखाच्या कडेला 'एकके?' असं लिहिलं, सवयीप्रमाणे खाली तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "आणि खाली एककं लिहीत जा. किती वेळा सांगायचं?"

मला राग उशिरा येतो. पण आला की वस्तीला येतो.

त्याच दिवशी मी तो कागद घेऊन मंजुरी समितीच्या अध्यक्षबाईंकडे जाऊ शकले असते. त्यांची खोली एक मजला वर होती. आठवड्याभरात दुरुस्तीपत्र निघालं असतं, ताई खिडकीत परत बसली असती. आणि दशांश? एका तळटिपेत सगळं मिटलं असतं. तळटिपेत माझं नाव, मुखपृष्ठावर त्यांचं. पुढच्या टप्प्यात ते पुन्हा कुणाला तरी कुठून तरी गायब करायला मोकळे. ताईला माझी ओळ कळेल याची भीतीही होती, खोटं कशाला बोलू? पण ती भीती चार-आठ दिवसांत गिळली असती मी. मी तो एक मजला चढले नाही ते वेगळ्या कारणाने. मला तो माणूस त्या खुर्चीत हवा होता.

आमच्याकडे एक प्रथा होती. नवा टप्पा सुरू व्हायच्या आधी ज्याची सही असेल त्याने एक पूर्ण पाळी पट्टा स्वतः घालून बसायचं. याला 'आधी आपल्या अंगावर' म्हणायचे. पूर्वीच्या प्रमुखांनी ती घालून दिली होती, आणि ते खरोखर रस्त्यावर बसायचे. दशांश ग्रंथालयासमोरच्या बागेत झाडाखाली बसायचे, पेपर वाचत. नव्या टप्प्याच्या प्रस्तावाचा मसुदा माझ्याकडे होता. मी त्यात एक वाक्य घातलं, 'प्रमुख संशोधक स्वतः अभ्यासातील सर्वांत कठीण जागी पूर्ण पाळी बसतात.' ते त्यांना आवडणारच होतं. त्यांनी दोन ठिकाणचे दशांश दुरुस्त करून सही केली. प्रायोजकांनाही ते वाक्य एवढं आवडलं की ते छायाचित्रकार पाठवतो म्हणाले.

कठीण जागा डब्यांच्या आकड्यांवरून ठरणार होती. ती खिडकी तीनच होती, तिथे दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धाच नव्हती. राहता राहिली हवा. गार दिवसांत खोक्यात बसून त्यांना नुसताच घाम आला असता, माथा गाठला गेला नसता. मी मागच्या वर्षीचे आठवड्यागणिक तापमानाचे आकडे मांडले आणि त्यांच्या बांध्याच्या माणसासाठी हिशेब केला. खोक्यात चौतीस अंश लागणार होते. म्हणजे चौदा आठवडे थांबायला हवं होतं. प्रस्तावातली तारीख मी त्याप्रमाणे घातली.

ताई या काळात औषधांच्या गोदामात लागली. आठ तास सिमेंटच्या गार फरशीवर उभं राहून खोकी भरायची. भाऊजी पाट्या रंगवतात, आणि हल्ली पाट्या यंत्रातून छापून निघतात, तेव्हा तिला घरी बसणं शक्य नव्हतं. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायचे. सहाव्या आठवड्यापासून ती जिना एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढायला लागली. नवव्या आठवड्यात तिचा उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट दिसत होता.

"बघते म्हणाली होतीस," ती एकदा ताट वाढताना म्हणाली. "अजून बघतेच आहेस?"

"चाललंय."

"तिला नको छळूस," भाऊजी म्हणाले. "मोठ्या ठिकाणी वेळ लागतो."

"मी कुठे छळतेय? विचारलं फक्त. जेव गं तू. हडकलीयस."

मी जेवले. गुडघा मला दिसत होता. तो मी मनात एका बाजूला टिपला आणि दुसऱ्या बाजूला दशांशचा मऊ आवाज ठेवला, आणि दर रविवारी दुसरी बाजू जड भरली.

चौदाव्या आठवड्यात दशांश खिडकी तीनला बसले. पट्टेवाल्याने त्यांच्या मनगटावर पट्टा बांधला, छायाचित्रकाराने फोटो काढले, व्यवस्थापकाने हात जोडले. ताईच्या जागी आलेली मुलगी त्यांच्या मागे उभी राहून कुठलं बटण दाबायचं ते सांगत होती. मी समोरच्या बाकावर आकडे दिसणारा पडदा मांडीवर घेऊन बसले. त्या दिवशी ताईची सुटी होती. 'तो वाक्यवाला साहेब माझ्या खुर्चीत बसणार' एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढ्यासाठी ती येऊन माझ्याशेजारी बसली.

त्या खोक्याच्या मागच्या काचेला बसगाड्यांची तोंडं लागतात. इंजिनाची सगळी धग काचेवर येते. डोक्यावर कर्णा, त्यातून दर दोन मिनिटांनी घोषणा. पंखा आहे, पण लावला की तिकिटं उडतात, म्हणून बंद.

पहिला अर्धा तास साहेब हसतमुख होते. मग रांग वाढली.

"अहो, बस सुटायच्या आधी द्या," एक म्हातारा काचेवर टकटक करत म्हणाला. "नंतर आठवण म्हणून नकोय तिकीट."

"नवीन आहेत वाटतं," त्याच्या मागची बाई म्हणाली. "आधीच्या बाई फटकळ होत्या. पण हात काय चालायचा त्यांचा!"

ताईने मला कोपर मारलं. "ऐकलंस? फटकळ म्हणाली मला."

"हात चालायचा असंही म्हणाली."

"मग ते आधी म्हणायला काय झालं होतं भवानीला?"

नऊ वाजून बारा मिनिटांनी माझ्या पडद्यावरची रेषा चढत चढत माथ्याला टेकली आणि सपाट झाली. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला. साहेबांची कॉलर ओली होऊन मानेला चिकटली होती. चष्मा घसरत होता आणि दोन्ही हात अडकल्यामुळे तो त्यांना वर करता येत नव्हता. नाडी एकशे अकरा.

"हसतेयस का?" ताईने विचारलं.

"नाही."

"हसतेयस. मुंगी हसली तर अशीच दिसत असणार."

तिसऱ्या तासाला त्यांनी मला खूण करून बोलावलं. "झालं ना एवढं? फोटो झाले."

"सर, पाळी सहा तासांची आहे. तुमच्या सहीच्या प्रस्तावात तसं आहे. छायाचित्रकार दुपारपर्यंत थांबणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या वेळी त्यांना पहिल्यांदा थोडं काहीतरी कळलं. पण डोक्यावर कर्णा खेकसला, पुढून कुणीतरी पास दाखवला, आणि ते वळले.

मी बाकाशी परतले तर ताई नव्हती. ती खिडकीच्या बाजूच्या दाराशी उभी होती, स्वतःची पाण्याची बाटली आत देत.

"त्यांना कशाला?" ती परत आल्यावर मी म्हणाले. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

"त्या खुर्चीतल्या माणसाला पाणी द्यायचं असतं," ताई म्हणाली. "कोण का असेना. तू बसली नाहीयेस तिथे कधी."

समितीची बैठक तीन दिवसांनी होती. समोर अध्यक्षबाई आणि चार सदस्य, बाजूला स्थानकाचा व्यवस्थापक, मागच्या रांगांत सहभागी झालेल्यांपैकी तीसएक जण. ताई आणि भाऊजी तिसऱ्या रांगेत होते. ताईला मीच बोलावलं होतं, कारण ज्याच्यासाठी दावा मांडायचा तो माणूस समोर हवा. दशांश सुंदर बोलले. शेवटी यंत्रणेबद्दल दोन शब्द सांगायला मी उठले.

"आपल्याकडे एकशे एकविसावा सहभागी आला आहे," मी म्हणाले आणि आलेख पडद्यावर लावला. "हे आकडे मंजूर झालेल्या चाळणीतून काढलेत. अहवालाच्या भाषेत निष्कर्ष असा: सहभागी १२१ (खिडकी ३, सकाळपाळी) यांनी कामाच्या वेळेत ३.१६ तास पट्टा काढून ठेवला. त्या काळात ते जागेवर नसावेत असे दिसते."

मग मी छायाचित्रं लावली. नऊ वीस. दहा पाच. अकरा चाळीस. प्रत्येकात काचेच्या आत दशांश, प्रत्येकात मनगटावर पट्टा, आणि कॉलर उत्तरोत्तर गडद.

मागून एक बसचालक मोठ्याने म्हणाला, "म्हणजे साहेबपण पळाले होते तर!"

हशा पिकला. ताई सगळ्यांत मोठ्याने हसली. तिने भाऊजींच्या पाठीत थाप मारली. मग मी एक्केचाळीसची रेषा त्या रेषेवर ठेवली. दोन्ही माथ्यावर सपाट, एकावर एक बसणाऱ्या. भांड्याची गोष्ट सांगितली. व्यवस्थापक खाली बघायला लागला.

दशांश उठले नाहीत. बसूनच, त्याच मऊ आवाजात म्हणाले, "छान. आता ती ओळ कोणी लिहिली होती, तेही सांगून टाका."

त्यांना वाटलं मी तिथे अडखळेन. ताई समोर होती.

"मी लिहिली," मी म्हणाले. "ती चुकलीय हे मी सरांना दाखवलं. त्यांनी त्यावर हा शेरा लिहिला." आणि तो कागद पडद्यावर लावला. लाल अक्षरात 'एकके?', खाली त्यांच्या हाताची तारीख. "एक्केचाळीस जागेवर नव्हत्या हे कुठल्याच यंत्राने सांगितलेलं नाही. ते वाक्य सरांचं आहे."

दशांशचा चेहरा मी नीट पाहिला. सहा वर्षांत प्रथमच त्यांना दुरुस्त करायला कागदावर काही सापडत नव्हतं. तेवढ्यासाठी मी चौदा आठवडे काढले होते, आणि ते वाया गेले नव्हते.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "ही तारीख चौदा आठवड्यांपूर्वीची आहे," त्या म्हणाल्या. "यांना कळलं होतं आणि यांनी दडवलं, हे दिसतंय. पण तुम्हालाही कळलं होतं. माझी खोली एक मजला वर आहे. चौदा आठवडे तुम्ही कुठे होतात?"

मला सांगता आलं असतं, भीती वाटत होती. अर्धं खरं होतं ते. पण मी आकडे मांडून उभी होते, आणि अशा वेळी मला खोटं जमत नाही.

"खोक्यात चौतीस अंश व्हायची वाट बघत होते," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेत ताईने भाऊजींच्या पाठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. दशांशकडून प्रकल्प काढून घेतला. त्यांची बाकीची जुनी कामंही आता तपासतायत. सही करून मोकळं होण्याची सवय एकाच अहवालापुरती नसते. मला आकड्यांपासून दूर भांडारात टाकलं, तेही रास्तच होतं. व्यवस्थापकाने शेरा खोडला आणि ताईला खिडकी परत दिली, पंख्यासाठी तिकिटांवर जाळी बसवून.

त्या रविवारी मी नेहमीच्या वेळेला जेवायला गेले. ताईने दार उघडलं, आत घेतलं, ताट वाढलं. स्वतः समोरच्या खुर्चीत गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसली.

"ओळीचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "चूक कुणाचीही होते. मी एकदा एका लग्नाच्या वऱ्हाडाला उलट्या दिशेच्या बसमध्ये बसवलं होतं."

"ताई..."

"चौदा रविवार. इथे बसून जेवलीस तू. हा गुडघा बघत होतीस ना?"

"हो."

"आणि जिना चढायचा होता तो एक मजला. मी रोज चार चढत होते."

मी घास मोडून हातात धरला.

"एक विचारते. तुझ्या पद्धतीने सांग, गोड नको." तिने पट्टीचं टोक घट्ट खोचलं. "आता तुला सगळं माहीत आहे. डॉक्टर म्हणतो हा गुडघा पूर्वीसारखा होणार नाही. पुन्हा तीच वेळ आली, तर थांबशील?"

नाही म्हणायला हवं होतं. ती तेवढ्यासाठीच विचारत होती. मी तो शब्द तोंडात आणायचा प्रयत्न केला, आणि त्याच्या आधी ती ओली कॉलर आली, घसरणारा चष्मा आला, 'एकके?' आलं. माझा घास तसाच राहिला.

ताईने माझ्याकडे पुरेसा वेळ पाहिलं. मग उठली, माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत घेऊन गेली. अर्धं भरलेलं होतं. आतून नळ सुटल्याचा आवाज आला.

मी चपला घातल्या. भाऊजी माझ्यामागे जिन्यापर्यंत आले.

"मनावर घेऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "जाईल तिचा राग."

"किती दिवसांत?"

भाऊजींनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला काय विचारतेस? लग्नाच्या वर्षी तुमच्या आईला मी एकदा वाकडं बोललो होतो. तेव्हापासून माझा सकाळचा चहा मी करतो. एकवीस वर्षं झाली."